रविवर्म्याची लक्ष्मी: सुंदर, की नुसतीच गोड?

टिपकागद (धागाकर्ती)

वाईच्या घराची आवराआवर झाली तेव्हा माळ्यावरून एक जुनी तसबीर खाली आली. कमळावर उभी लक्ष्मी, वरच्या दोन हातांत कमळं, बाजूला सोंडेत माळ धरलेला हत्ती. तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. साडीच्या काठावर कुणीतरी खरी जर चिकटवली आहे, मुकुटावर टिकल्या आहेत, त्यातल्या निम्म्या गळाल्यात.

ती दिवाणखान्यात लावायची की नाही यावरून घरात जुंपली. जे.जे. कला महाविद्यालयात शिकणारा भाचा म्हणाला, "मावशी, हे कॅलेंडर आर्ट आहे." मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "आवड ज्याची त्याची, वाद कशाला?" तसबिरीचं व्हायचं ते होईल. मला ही दोन्ही वाक्यं पटत नाहीत, म्हणून हा धागा.

आधी जाऊबाईंचं वाक्य. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९० साली हा गुंता फार नेमका पकडला होता. कॅनरी बेटांवरची वाइन छान असते असं कुणी म्हटलं, तर शेजारचा त्याला सांगू शकतो की बाबा रे, 'मला छान लागते' असं म्हण, आणि तो निमूट मान्य करतो. पण 'हे चित्र सुंदर आहे, म्हणजे फक्त मला' असं कुणी म्हणालं तर हसू येईल. सुंदर म्हणताना आपण समोरच्याचा होकार मागत असतो. तो मिळेलच असं नाही, पुरावे देऊन वसूलही करता येत नाही, पण मागणी असतेच. नाटक सुटल्यावर लोक पार्किंगमध्ये उभं राहून अर्धा अर्धा तास भांडतात ते याच मागणीपायी. कारलं आवडतं की नाही यावरून इतकं कुणी भांडत नाही.

भाच्याचं वाक्य वेगळ्या कारणाने खटकतं. 'कॅलेंडर' म्हटल्याने चित्र कुठल्या भिंतीवर टांगलं जायचं एवढं कळलं. त्यात बिघडलंय काय? बोट ठेवून दाखव ना! इथे रंग भडक, इथे चेहरा रिकामा, इथे हात लाकडी. मग मी तिथे बघेन. मलाही ते दिसेल, किंवा तुझ्या नजरेतून सुटलेलं काही मी तुला दाखवेन. कलासमीक्षक आनंद कुमारस्वामींनी शंभर वर्षांपूर्वी रविवर्म्यावर आक्षेप घेतले ते असे होते: मांडणी नाटकी, कल्पनाशक्ती तोकडी, पुराणातल्या विषयांत भारतीय भाव नाही. कडक आहेत, पण चित्रासमोर उभं राहून तपासता येतात. (नाटकीपणाबद्दल एक बारीकशी कुरकुर: पायातला काटा काढायच्या निमित्ताने मागे वळून बघणारी शकुंतला नाटकातूनच आली आहे. ती नाटकी दिसणार नाही तर काय?)

तर मंडळी, ही लक्ष्मी सुंदर आहे का? 'आपल्याला बुवा आवडते' हे उत्तर चालणार नाही. कारण द्या, आणि ते चित्रात दिसलं पाहिजे.

अवखळ

धाग्याची जागा पकडून ठेवतो. शंभरी गाठणार हा.

खवट

लक्ष्मी देखणी आहे. सुंदर नाही. देखणेपण बाईचं आहे, चित्राचं नाही. फोटोतली बाई देखणी असली म्हणून फोटो चांगला ठरत नाही, तसंच. तुमच्या भाच्याला हेच म्हणायचं असणार, त्याला शब्द सापडले नाहीत.

शिळाछाप

माझं आयुष्य छपाईत गेलं, म्हणून तत्त्वज्ञानाच्या आधी थोडी शाई.

टिपकागदताई, एक भिंग घ्या आणि लक्ष्मीच्या गालाकडे बघा. ठिपके दिसतील. आजच्या ऑफसेटच्या चित्रातही ठिपके असतात, पण ते जाळीतून पडलेले, रांगेत उभे. तुमच्या तसबिरीतले ठिपके वेडेवाकडे, कमीजास्त अंतरावर असतील, कारण ते माणसाने हाताने दगडावर दिलेले आहेत. शिळाछापाचं तत्त्व सोपं आहे: चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने काढायचं, दगड ओला करायचा, मग रूळ फिरवायचा. ओल्या जागेवर तेलकट शाई बसत नाही, रेखाटलेल्या जागेवर बसते. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. गालाचा गुलाबी हवा तर फिकट तांबूस एका दगडावर, गडद दुसऱ्यावर, सावलीचा तपकिरी तिसऱ्यावर, आणि सगळे एकमेकांवर अचूक बसले पाहिजेत. केसभर सरकलं की ओठ ओठाबाहेर. शेवटी वर वॉर्निश, म्हणजे तैलचित्रासारखी झाक येते. ओलिओग्राफ तो हाच.

आता मुद्दा. दगडावर ठिपके देणारा माणूस रविवर्मा नव्हे. छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तंत्रज्ञ जर्मनीहून आणलेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, छापखाना पुढे कित्येक दशकं चालू होता. १९७२ च्या आगीत बरंच काही जळालं. तेव्हा तुम्ही ज्या चेहऱ्याला 'गोड' म्हणताय तो गोडवा नक्की कुणाचा? मूळ चित्रकाराचा, की ज्याचं नाव कुठेच नाही अशा दगडावरच्या कारागिराचा? चेहरा उतरवताना सगळ्यात सोपा रस्ता गुळगुळीत करण्याचा असतो, हे मी अनुभवाने सांगतो.

अवांतर: दादासाहेब फाळके सिनेमात पडण्याआधी याच छापखान्याची कामं करत होते.

परसबाग

शिळाछापकाका, जबरदस्त प्रतिसाद! भिंग घेऊन आमच्याकडच्या सरस्वतीचा गाल बघितला. रांगेत उभे ठिपके. म्हणजे नंतरची नक्कल. आजेसासूबाईंना सांगणार नाही.

न्यूजर्सीकर

गेल्या भारतवारीत बडोद्याच्या फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्म्याची मूळ तैलचित्रं पाहिली. काका म्हणतात ते तिथे लगेच जाणवतं. त्वचेच्या छटा एकमेकींत विरघळत जातात, छापात त्या पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात. डोळ्यांभोवती तर फारच. मूळ चित्रातली बाई काहीतरी विचार करत असावी असं वाटतं. छापातली फक्त बघते.

त्रिज्या

एम.ए.ला सौंदर्यशास्त्र होतं, त्याचा आज पहिल्यांदा उपयोग होतोय. :)

खवट यांनी जी फोड केली (बाई देखणी, चित्र नव्हे) ती मराठीत सगळ्यात कडकपणे मर्ढेकरांनी केली आहे. त्यांच्या मते सौंदर्य माध्यमातल्या घटकांच्या नात्यांत असतं, आणि ती नाती तीन प्रकारची: संवाद, विरोध, समतोल. चित्रात घटक म्हणजे रंग, रेषा, आकार. लक्ष्मी ही देवी आहे, ती धन देते, ती देखणी आहे, हे सगळं लौकिक. सौंदर्याच्या हिशेबात त्याला जागा नाही. या नजरेने तसबीर बघून बघा. तांबडी साडी आणि भोवतालची हिरवळ यांचा विरोध, मधोमध उभी आकृती, एका बाजूला हत्तीचा राखी वजनदार आकार. आता दुसऱ्या बाजूला त्याला तोलणारं काय आहे? मला तरी ती बाजू हलकी वाटते. हे झालं बोट ठेवून दिलेलं कारण, आणि यात 'कॅलेंडर' हा शब्द कुठेही आला नाही.

पण मर्ढेकरांवर थांबायची माझी तयारी नाही. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त दाखवलंय की सौंदर्य, कला या आपल्या कल्पनांना दोन ध्रुव आहेत. एका टोकाला कला स्वायत्त, जगाशी तिचं देणंघेणं नाही. दुसऱ्या टोकाला कला लौकिक जीवनाच्या पोटातली, तिथे ज्ञान, नीती, भावना सगळं मोजलं जातं. प्रत्यक्ष कलाकृती या दोन टोकांच्या मध्ये कुठे ना कुठे असतात. आपले निम्मे वाद, एकाच चित्राबद्दल दोघं दोन टोकांवरून बोलतात म्हणून होतात. देवघरातली लक्ष्मी लौकिक ध्रुवाच्या जवळ आहे. तिला फक्त तांबड्याहिरव्यावर मार्क देणं म्हणजे पेपर मराठीचा आणि तपासायला गणिताचे सर.

मु_पो_सांगली

एवढे मोठमोठे लोक आणलेत, पण एक साधी गोष्ट कुणी बोलेना. कॅलेंडर आर्ट हा शब्द कोण वापरतं आणि कुणाबद्दल वापरतं, ते बघा की. ज्यांना देवळाच्या पायरीवरसुद्धा उभं करत नव्हते त्या घरांत या छापील चित्रांनी देव नेला. सगळ्यांच्या लक्ष्मीचा चेहरा एकच. पुजारी मध्ये नाही, सोवळं मध्ये नाही. आणि हेच चित्र घरोघरी गेल्याबरोबर ते हलकं झालं! राजवाड्यात होतं तोवर कला, हॉटेलाच्या गल्ल्यामागे लागलं की किच, म्हणजे हलक्या आवडीचा भडक माल.

फ्रान्सच्या समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यूने १९७९ च्या पुस्तकात हेच मांडलंय. अभिरुची म्हणून आपण जे मिरवतो ते बरंचसं 'मी त्यांच्यातला नाही' हे सांगायचं साधन असतं. खालच्या वर्गाला जे आवडतं त्याची शिसारी येणं, हीच वरच्या वर्गाची खूण. भाच्याला विचारा, हॉटेलातली लक्ष्मी बघायच्या आधी त्याचं मत काय होतं.

खवट

सांगलीकर, वर्गाचा मुद्दा खरा आहे, पण त्याने चित्र चांगलं ठरत नाही. एखाद्याने चुकीच्या कारणासाठी नाक मुरडलं म्हणून समोरचा पदार्थ आपोआप रुचकर होतो का? बुर्द्यू मला भाच्याबद्दल सांगतो. लक्ष्मीबद्दल काय सांगतो?

मु_पो_सांगली

लक्ष्मीबद्दल सांगायला तुम्ही बसलायच की. मी फक्त म्हणतो, बघायच्या आधी चष्मा पुसा.

टिपकागद

दोघांच्याही बाजूने बोलते, कारण सांगलीकरांनी जे सांगितलं त्याची सोय स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमकडेही आहे. १७५७ च्या निबंधात त्याने चांगल्या पारखी माणसाला काय काय लागतं ते सांगितलं: नाजूक संवेदना, सराव, तुलना करायची सवय, धडधाकट बुद्धी, आणि पूर्वग्रह बाजूला ठेवता येणं. ही शेवटची अट म्हणजे तुमचा चष्मा पुसणं. चित्र ज्या लोकांसाठी, ज्या प्रसंगासाठी केलं त्यांच्या जागी स्वतःला उभं करता आलं नाही तर निवाडा करायला बसूच नये, असं त्याचं म्हणणं.

त्याची पिंपाची गोष्ट प्रसिद्ध आहे. दोन माणसं वाइन चाखतात. एक म्हणतो चांगली आहे, पण चामड्याची किंचित चव येते. दुसरा म्हणतो, लोखंडाची. सगळे त्यांना हसतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी चामड्याचा पट्टा बांधलेली लोखंडी किल्ली सापडते. गंमत म्हणून ठीक आहे, पण चित्राच्या तळाशी अशी किल्ली नसते, आणि ह्यूमचं घोडं मला तिथेच अडलेलं वाटतं. आपल्याकडे पुरावा म्हणून आहे काय? त्रिज्याने दाखवलेली हलकी बाजू, काकांनी दाखवलेले ठिपके. ते दिसल्यावर मी आधीसारखं बघू शकत नाही, एवढंच.

आता माझं बोट. ही लक्ष्मी समोरून उभी आहे, अगदी ताठ. शकुंतला, दमयंती, मोहिनी या सगळ्यांना रविवर्मा वळवतो, कलवतो, त्यांची नजर चौकटीबाहेर पाठवतो. इथे मात्र चेहरा सरळ आपल्याकडे. पाश्चात्त्य तैलरंगाच्या शाळेतला विद्यार्थी याला कडकपणा म्हणेल. पण ही मांडणी दर्शनासाठी आहे. आपण देवीला बघायचं आणि तिने आपल्याला. गाभाऱ्यातली मूर्ती कधी पाठमोरी असते का? म्हणून 'लाकडी' हा आक्षेप इथे गैरलागू वाटतो, आणि शकुंतलेच्या चित्रांना 'नाटकी' म्हणणं निदान चर्चेला घेण्यासारखं वाटतं. एकाच चित्रकाराला एकाच काठीने हाकता येत नाही.

परसबाग

जर आणि टिकल्यांबद्दल कुणीच बोललं नाही! तसबिरीला जर लावणं म्हणजे गौर नेसवणंच की. मुखवटा बाजारातून येतो, गौर घरी होते. शालू कुठला, ठुशी घालायची की कोल्हापुरी साज, निऱ्या किती, हे घरच्या बाया ठरवतात आणि शेजारणी येऊन नावं ठेवतात. तिथे अभिरुची असते की नसते? मी तर म्हणेन टिपकागदच्या घरातल्या त्या बाईने चित्र अर्धवट मानलं आणि पुरं केलं. रंगाने जर दाखवणं तिला पुरेना.

त्रिज्या

परसबाग, +१. पण शास्त्रात तुमची ही बाई अडचणीत येते. काश्मीरच्या अभिनवगुप्ताने रसाच्या, म्हणजे कलेच्या आस्वादाच्या, आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत, त्यातलं एक 'निजसुखादिविवशीभाव', म्हणजे आपल्याच सुखदुःखात बुडून जाणं. जर लावताना ती मुलाच्या नोकरीसाठी नवस बोलत असेल तर तो रसास्वाद नव्हे. भक्तीला त्याने वेगळा रस मानलेलंही नाही. सोळाव्या शतकात वैष्णव आचार्य रूप गोस्वामींनी भक्तिरसाचा सविस्तर विचार केला, पण त्यांच्या चौकटीत रसिक आणि भक्त एकच होतात, आणि मग आपल्या या धाग्यातला प्रश्नच उरत नाही.

माझं मत: नवस बोलणं आणि काठ नीट बसवणं ही एकाच वेळी चालू असलेली दोन कामं आहेत. दुसरं करताना ती डोळ्याने निवड करत होती. टिपकागद, जर कुठे लावली आहे आणि कुठे नाही ते सांगाल का?

टिपकागद

बघून सांगते. ...काठाला आणि पदराला आहे. कमरेपाशी घडी पडते तिथे जर थांबते आणि घडी संपल्यावर पुन्हा सुरू होते. म्हणजे छापलेल्या सावलीचा मान ठेवलाय. हत्तीच्या माळेला काही नाही. कमळांनाही नाही.

खवट

घडीवर थांबली? मग ती बाई चित्रकार होती. हे मी मनापासून म्हणतोय.

म्हापसेकर

रविवर्म्यावर इतकं झालं, मुळगावकरांचं नावही नाही? रघुवीर मुळगावकर आमच्या गोव्याचे. कॅलेंडरं म्हणाल तर महाराष्ट्राच्या भिंतींवरचे अर्धे देव त्यांनी घडवले. स्प्रेचं त्यांचं काम बघा, कुठे कडा म्हणून नाही, प्रकाश आतूनच येतो असं वाटतं.

खवट

आणि हाड म्हणून नाही. दलाल आणि मुळगावकर शेजारी ठेवा. दीनानाथ दलालांची रेषा जिवंत असते, कुठे जाड, कुठे तुटलेली, हात फिरल्याचं कळतं. मुळगावकरांचे देव साबणाने धुतल्यासारखे. ना रोमछिद्र, ना सुरकुती, ना मनगटाची शीर. शिळाछाप म्हणाले ना, गुळगुळीत करणं हा सोपा रस्ता.

परसबाग

थांबा! नलदमयंतीची गोष्ट आठवा. स्वयंवरात नळाचं रूप घेतलेले चार देव आणि खरा नळ ओळीत बसलेत. दमयंती देव कसे ओळखते? त्यांना घाम नाही, पापणी लवत नाही, गळ्यातल्या माळा कोमेजत नाहीत, अंगाला धूळ नाही, सावली पडत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. घाम, धूळ, सावली ज्याच्याकडे, तो नळ. मुळगावकरांच्या देवांना रोमछिद्रं नाहीत ही तक्रार कशी होईल? महाभारताच्या हिशेबाने तेच बरोबर!

उलट मग पंचाईत रविवर्म्याची होते. त्याने तैलरंगात देवीला वजन दिलं. हाडामांसाची बाई, तिच्या अंगाला भार आहे, साडी त्या भाराने पडते. आणि ती उभी कशावर, तर कमळावर. कमळ मात्र जराही दबत नाही.

न्यूजर्सीकर

अगागा. मूळ चित्रासमोर बराच वेळ उभा होतो, हे नाही दिसलं. आता दिसतंय आणि जात नाही.

त्रिज्या

परसबागताई, मला ही भेग म्हणजेच त्या चित्राचा जीव वाटतो. वजन असलेली बाई आणि न दबणारं कमळ. तिला हलकी केली असती तर ती लघुचित्रातली झाली असती, कमळ दाबलं असतं तर ती अंघोळीला उतरलेली बाई झाली असती. त्याने दोन्ही ठेवलं. हा तोल जाणूनबुजून साधला की नुसता राहून गेला, याने मला फरक पडत नाही.

खवट

त्रिज्या, हे लिहिलंय छान. परसबाग, तुमचा मुद्दा चलाख आहे, पण टिकत नाही. मुळगावकरांनी दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर ज्या साध्या बायका काढल्या त्यांना तरी कुठे रोमछिद्रं आहेत? त्याही तितक्याच घामाशिवाय, तितक्याच धुळीशिवाय. देव आणि माणूस वेगळे ओळखू आले पाहिजेत ही दमयंतीची गरज होती. इथे ती ओळख पटवायची सोयच राहत नाही. तेव्हा तो देवत्वाचा विचार नव्हे, हाताची सवय.

म्हापसेकर

हे तुम्ही छापील मुखपृष्ठांवरून म्हणताय. मूळ चित्र बघितल्याशिवाय असा निकाल देऊ नये.

शिळाछाप

इथे मी म्हापसेकरांच्या बाजूने. त्या काळच्या ब्लॉकमेकिंगमध्ये, म्हणजे चित्रावरून छपाईचे धातूचे ठसे करताना, बारीक कुंचल्याचं काम पहिल्यांदा मरायचं. मऊ छटा टिकायच्या, तीक्ष्ण रेषा जाळीत अडकायची. शिवाय छापून येतं कसं हे ठाऊक असलेला चित्रकार छपाईला सोसेल असंच काढतो.

खवट

काका, मूळ बघायला मिळालं तर जरूर बघेन. पण ती चित्रं छापण्यासाठीच काढली होती. लोकांनी जे विकत घेतलं, भिंतीवर लावलं, ज्याला उदबत्ती ओवाळली ते छापीलच. चित्र तेच, माझं मत त्याच्यावर. दगडावरच्या कारागिराला श्रेय द्यायचं तुम्हीच सुचवलंत. मग ब्लॉक करणाऱ्याला दोषातून का वगळता?